नियोजित पेटुनिया

पेटुनियाचं बी किती बारीक असतं हे मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि मनातल्या मनात मोहरी धरली. मोहरी नव्हे. खसखससुद्धा नव्हे, खसखस त्याच्यापुढे कलिंगड आहे. टेबलावर मिरपूड सांडावी, ती फडक्याने नीट पुसून घ्यावी आणि मग वर जे काही उरल्याचा नुसता संशय येतो, ते पेटुनियाचं बी. अशा बियांच्या जोरावर मी आमच्या ‘अमृतकुंभ’ सोसायटीला भर सभेत शब्द दिला होता.

सभा वार्षिक होती, जागा नेहमीची म्हणजे बिल्डिंगखालचं पार्किंग होतं आणि समोसे गार होत होते. सव्वीस जानेवारीला झेंड्याभोवती फुलझाडांच्या कुंड्या असाव्यात, हा शेवटचा विषय. कोणी म्हणालं हायवेवरच्या नर्सरीतून आणू, कोणी म्हणालं मागच्या वर्षीची त्यांची झाडं मुळाशिवाय नुसती खोचलेली निघाली. चर्चा लांबत होती आणि मी समोशांकडे पाहत होतो. आदल्या दिवशी बाथरूमचा गळका नळ कसा दुरुस्त करावा याचा व्हिडिओ शोधताना मला चुकून पेटुनियाचा व्हिडिओ लागला होता आणि मी तो शेवटपर्यंत पाहिला होता. (नळ अजून गळतो.) त्या ज्ञानाच्या उबेत मी उठलो आणि म्हणालो, “विकत कशाला आणायची? पेटुनिया लावू. बी पेरलं की झालं. मी देतो रोपं करून.”

आमचे सेक्रेटरी कमळाकर वझे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत, पण सरकारी भाषा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे सदर रोपांची संपूर्ण जबाबदारी श्री. दिनानाथ पाटणकर यांनी स्वेच्छेने स्वीकारली, असं धरायचं का?”

“धरा की,” मी म्हणालो. टाळ्या पडल्या. समोसे आले. माझी बायको गीतांजली शेजारीच बसली होती. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे उत्तर चुकतंय हे तिला पहिल्याच पायरीला कळतं. ती फक्त एवढंच म्हणाली, “अहो, आपल्या घरात तुळससुद्धा मी जगवते.”

यथावकाश बियांचं पाकीट आलं. पाकिटावर सात-आठ रंगांची झगमगती फुलं आणि खाली ‘मिश्र रंग’. आत करंगळीएवढी काचेची कुपी. गीतांजलीने ती उजेडात धरली, उलटी केली, हलवली आणि जाहीर केलं, “रिकामी आहे. परत पाठवा.” मी भिंग आणलं. कुपीच्या तळाशी काळपट धूळ होती. ती धूळ म्हणजेच सव्वीस जानेवारी.

आता शास्त्राप्रमाणे मी आधी नीट वाचायला हवं होतं. पण आमच्या मजल्याच्या वर, सहाव्या मजल्यावर जोतीराम मोहिते राहतात. मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटमध्ये त्यांचा कांदा-बटाट्याचा गाळा आहे. पहाटे जातात, दुपारी परत येतात आणि मग संध्याकाळभर सल्ला द्यायला मोकळे असतात. घरात शेती असलेल्या माणसाने समोर उभं राहून ‘अवो भाऊसाहेब’ म्हटलं की माझ्यासारख्या, तीन पिढ्या भाडेकरू असलेल्या माणसाचं पुस्तकी ज्ञान गळून पडतं.

“अवो भाऊसाहेब, बी काय उघडं ठिवत्यात व्हय? गारठंल ते. वर चांगली बोटभर माती वढा. आन् माती ह्या पोत्यातली नगं. थांबा, मी देतो.” आणि त्यांनी खरंच गावाकडून आलेली एक पिशवीभर काळीभोर माती आणून दिली. माती अशी देखणी की तिच्यात खिळा पेरला असता तरी उगवला असता.

मी अर्धी कुपी कुंडीत ओतली. ओतली म्हणजे, ओतायची कृती केली. काही पडलं की नाही हे फक्त परमेश्वराला ठाऊक. वर बोटभर माती ओढली. वझे संध्याकाळी ‘प्रगतीचा आढावा’ घ्यायला आले, त्यांनी पाणी भरपूर घालावं असं सुचवलं. घातलं. मग मी रोज सकाळी दात घासत कुंडीसमोर उभा राहू लागलो. ब्रश तोंडात तसाच राहायचा. काळ्या मातीकडे इतका वेळ बघितलं की तिच्यात आकार दिसू लागतात. मला एकदा महाराष्ट्राचा नकाशा दिसला.

आणि एके दिवशी हिरवं दिसलं! मी केलेला आवाज ऐकून गीतांजली स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन धावत आली, तिला वाटलं पाल. पुढच्या आठवड्यात त्या रोपांनी जी उसळी घेतली, तिला तोड नाही. पानं लालसर, तरतरीत, हाताच्या बोटाएवढी. मी दारं उघडी ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागलो. ऑफिसात बेलापूरला फोटो दाखवले. “बी अगदी बारीक असतं हो,” मी नम्रपणे म्हणायचो, “पण एकदा जम बसला की मागे बघत नाही.”

जोतीराम संध्याकाळी आले, कुंडीसमोर उकिडवे बसले आणि एक पान खुडून बोटांत फिरवत राहिले. मला वाटलं भारावले.

“भाऊसाहेब,” ते शेवटी म्हणाले, “ह्यो तर लाल माठ.”

“पेटुनिया आहे तो.”

“आसंल. पर भाकरीसंगं चांगला लागतो.” मग त्यांनी स्वतःच्याच मातीकडे अपराधी नजरेने पाहिलं. “आमच्या मातीत माठाचं बी पडूनच असतं. पावसाचं पानी लागलं की येतंयच. तुमचं बी खाली गाडलं गेलं जनू.”

त्या रात्रीच्या जेवणात माठाची भाजी होती, लसणाची फोडणी घातलेली. गीतांजलीने ताटात वाढताना चेहरा अतिशय गंभीर ठेवला. मी दुसऱ्यांदा घेतली. भाजीचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी मात्र मी वाचायला बसलो आणि इथे या गोष्टीत मला एक वेगळीच गंमत वाटू लागली, जी तोवर वाटलेली नव्हती. पेटुनियाच्या बीला रुजायला उजेड लागतो. ते मातीत गाडायचंच नसतं, नुसतं वर ठेवायचं. का? एवढ्याशा धुळीच्या कणाला अंधार झालाय की उजेड आहे हे कळतं कसं? त्याला डोळे आहेत का? आणि मिश्र रंग म्हणजे कुठल्या कणात कुठला रंग बसलाय, हे कोणी पाहिलंय? एकोणतीस वर्षं मी विम्याच्या कंपनीत लोकांचं भविष्य कोष्टकात बसवतोय. आता पहिल्यांदाच माझ्यासमोर असं काही होतं ज्याच्याबद्दल मला मनापासून जाणून घ्यायचं होतं. झेंडावंदन बाजूला राहिलं. मला बघायचं होतं.

उरलेली अर्धी कुपी होती. मोतीचूर लाडवांचा पारदर्शक झाकणाचा डबा धुतला, तळाला भोकं पाडली, नारळाच्या शेंड्यांचा भुसा भिजवून भरला. दात कोरायची काडी ओली करायची, तिच्या टोकाला एक कण चिकटवायचा आणि भुशावर टेकवायचा. गीतांजली शेजारी उभी राहून मोजत होती. मी श्वास रोखून छान ओळी लावत होतो आणि तेवढ्यात तिने, उकडतंय म्हणून, पंखा लावला.

आमच्यात शब्दाला शब्द झाला नाही.  ज्याच्या टेबलावरून उरलेल्या बियांतल्या अर्ध्या बिया दिवाणखान्याच्या वातावरणात विलीन झाल्या आहेत, त्या माणसाने बोलायचं तरी काय? ती पंखा बंद करून हळूच म्हणाली, “मी आठवडाभर केर काढत नाही. झालं?”

पुढचा प्रश्न हवेचा. बियांना गारवा हवा आणि आमच्या कामोठ्यात ऑक्टोबर म्हणजे सगळ्या सेक्टरवर कोणीतरी प्रेशर कुकरचं झाकण लावल्यासारखं असतं. मी डबा बेडरूममध्ये नेला आणि एसी चोवीसवर लावला. गीतांजली दारात आली.

“मे महिन्यात मी पाय धरले होते तेव्हा तुम्ही अठ्ठावीसच्या खाली आला नाहीत.”

“तुला रुजायचं नव्हतं,” मी म्हणालो. हे वाक्य बोलायला नको होतं.

पण रुजलं! एका सकाळी भुशावर हिरवे ठिपके होते. टाचणीच्या टोकाने हिरव्या शाईत बुडवून टेकवावं तेवढेच. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक ठिपक्याला दोन पानं होती आणि त्या दोन पानांच्या मधे, कपाळावर घाम यावा तसा, पाण्याचा एक अणुएवढा थेंब. मी जमिनीवर पालथा पडून पाहत होतो. ऑफिसची वेळ झाली. गीतांजली मला ओलांडून कपाटाकडे गेली, साडी घेतली, परत ओलांडून आली आणि मग थांबली. “सरका जरा,” म्हणाली. आणि साडी हातात तशीच घेऊन माझ्या शेजारी पालथी झाली.

रोपं दोन दिवसांत खिडकीच्या दिशेने माना लांब करून केसाएवढी बारीक झाली. वाचल्यावर कळलं, उजेड कमी पडतो. म्हणून मी रोपांसाठी मिळणारा खास दिवा मागवला. दिवा जांभळा निघाला. जांभळा म्हणजे कसा? आमची पूर्ण बेडरूम, पडदे, एसी आणि खिडकीत उभा असलेला मी, असं सगळं मिळून वांग्याच्या आतून जग पाहिल्यासारखं दिसू लागलं. खिडकी रस्त्याच्या बाजूला. दिवा संध्याकाळी लागायचा.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘पाचव्या मजल्यावर काय चालू आहे?’ एवढाच मेसेज आला आणि पुढच्या तासाभरात माझ्या घरात अनुक्रमे ब्यूटी पार्लर, माशांची टाकी, कसलीतरी साधना आणि टकलावर केस उगवण्याचं यंत्र सुरू झालेलं होतं. शेवटची शक्यता मांडणाऱ्याने माझं नाव घेऊन हसरा चेहरा टाकला. मी गटातून बाहेर पडणार होतो, पण मग पुढचं काय वाचायला मिळालं असतं?

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. वझे होते. हातात घडी घातलेला कागद. “पाटणकर, व्यक्तिशः घेऊ नका. सदनिकेतून जांभळा प्रकाश बाहेर पडत असल्याबाबत तोंडी तक्रारी प्राप्त आहेत. प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल.”

“रोपं आहेत हो, पेटुनियाची. तुम्हीच नाही का जबाबदारी—”

“ती तर माठ निघाली ना?” ते आत आले, दार लोटलं आणि आवाज खाली आणला. “एक विचारू? आपल्यात राहील. बंद खोली, एसी, जांभळा दिवा... मी परवा बातम्यांत पाहिलं, अगदी हेच होतं. ती... ती वनस्पती नाही ना?”

“कोणती?”

“ती हो. थंड हवेतली. हिमाचलातली.”

मला सफरचंद आठवलं. मग उमगलं आणि माझे कान तापले. एकोणतीस वर्षं टाय लावून नोकरी करणाऱ्या, सोसायटीचा मेंटेनन्स आगाऊ भरणाऱ्या माणसावर गांजाचा संशय! मी सरळ बेडरूमचं दार उघडलं. वझे आत आले, चारी बाजूंना पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, पलंगाखाली वाकले.

“सदर रोपं आहेत कुठे?”

मी लाडवाच्या डब्याकडे बोट दाखवलं आणि भिंग दिलं. ते वाकले. आणखी वाकले. मग गुडघे टेकले.  खूप वेळाने त्यांनी वर न पाहता विचारलं, “श्वास घेतला तर चालेल का?”

ते गेले तेव्हा कागद तसाच घडीत होता आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. “तिसऱ्या पानाचं काय झालं?” दाराबाहेरूनच विचारत. तक्रारदारही एकेक करून आले. काय दिसतं ते बघायला येत आणि जाताना ‘आमच्या हिला पाठवतो’ म्हणत. जोतीराम येत. दुपारी आम्ही दोघं घरी नसताना जोतीरामांकडे ठेवलेली चावी मागून लोक बघून जात. आमच्या बेडरूममध्ये पाय ठेवायची ज्यांची आजवर हिंमत झाली नसती, ते आता पलंगाच्या कडेला बसून रांगेत भिंगाची वाट पाहत.

आणि प्रत्येकजण प्रेमाने थोडं पाणी शिंपडत होता. फवारणीची बाटली तिथेच होती. एवढेसे जीव, उकाडा केवढा, म्हणून प्रत्येकी दोन फुसकारे. कोणी कोणाला सांगत नव्हतं.

एका सकाळी डब्यातली निम्मी रोपं आडवी झालेली. देठ भुशालगत काळे पडून मोडलेले. रात्री उभी होती, सकाळी नाहीत. दुपारपर्यंत आणखी पडली. मी ऑफिसला गेलोच नाही. वझे आले, पाहिलं, टोपी घालत नाहीत तरी डोक्यावरून हात फिरवला आणि एकदाही ‘सदर’ न म्हणता परत गेले. जोतीराम म्हणाले, “भाऊसाहेब, मी दिसाला दोनदा पानी मारत हुतो. खरं सांगतो.” खाली मान घालून उभे राहिले. त्यांच्यावर रागावायचं कसं? मीही मारत होतो.

मला वाईट वाटलं याचंच मला आश्चर्य वाटत होतं. माणूस ऑफिसात जातो, घरी येतो, बातम्या बघतो आणि एका लाडवाच्या डब्यासाठी रजा काढतो, हे कुठल्या कोष्टकात बसतं?

गीतांजली संध्याकाळी आली, तिने पर्स न ठेवताच डबा उचलला. “कोपऱ्यातली उभी आहेत,” ती म्हणाली. “तिथवर कोणाचा हात पोचत नव्हता.” मग तिने भुवया कोरायचा चिमटा काढला, सुईत दोरा ओवताना लावते तो चष्मा लावला आणि एकेक रोप उचलून कागदी कपांत लावायला लागली. मी भिंग धरायचं, तिने हलवायचं. “बोलू नका,” ती म्हणाली. मी बोलत नव्हतो. शेवटी कप भरले ते जेमतेम टेबलाच्या एका कडेला मावतील एवढेच. बेडरूमला कुलूप लागलं आणि चावी तिच्या पर्समध्ये गेली.

थंडी सुरू झाली तशी रोपं कुंड्यांत गेली, आणि आता त्यांना ऊन हवं होतं. ऊन गच्चीवर होतं. गच्चीची किल्ली वझ्यांकडे होती. आणि उपविधीप्रमाणे गच्चीवर कुंड्या ठेवायला मनाई होती, कारण गळती.

वझ्यांची मी अशी ओढाताण कधी पाहिली नव्हती. एका संध्याकाळी ते स्वतः माझ्याकडे आले, माझ्या नावाने अर्ज त्यांनीच सांगितला, मी लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी या नात्याने त्यांनी तो फेटाळला. त्याच संध्याकाळी येऊन फेटाळण्यातली कायदेशीर त्रुटी त्यांनीच मला समजावून सांगितली आणि त्यावर अपील करायला लावलं. “चेअरमन गावी आहेत,” ते म्हणाले, “तेव्हा सुनावणी माझ्याचपुढे होईल. तुमची बाजू भक्कम आहे, पण मला खात्री पटवावी लागेल.” सुनावणी आमच्या सोफ्यावर झाली. शेवटी ‘विटांवर ठेवल्यास कुंडी स्लॅबला स्पर्श करत नाही, सबब ती गच्चीवर आहे असे म्हणता येणार नाही’ या मुद्द्यावर मी जिंकलो.

मग शेंडे खुडायचा प्रश्न निघाला. शेंडा खुडला तर रोप पसरतं आणि फुलं जास्त येतात, असं सगळीकडे लिहिलेलं. पण इतक्या आपत्तींतून वाचलेल्या रोपाचा शेंडा कोण खुडणार? वझे म्हणाले, ठराव करू. जोतीराम म्हणाले, “ल्योक जरा उभा ऱ्हायला लागला आन् तुमी त्येचं डोस्कं उडवनार?” अखेर गीतांजलीने कोणाला न विचारता खुडले. आम्ही तिघं गच्चीच्या कठड्याकडे तोंड करून खांदेश्वर स्टेशनच्या दिशेने बघत उभे राहिलो.

खुडल्यामुळे फुलायला उशीर होतो, हेही लिहिलेलं होतं, पुढच्याच परिच्छेदात. सव्वीस जानेवारी उजाडला तेव्हा झेंड्याभोवती माझ्या कुंड्या होत्या आणि कुंड्यांत पानं होती. दाट, हिरवी, केसाळ, हात लावला की बोटाला चिकटणारी पानं. फूल सोडाच, कळीही नव्हती. वझ्यांनी कर्तव्य म्हणून प्रत्येक कुंडीला पुठ्ठ्याची चकती लावली होती, ‘पेटुनिया (नियोजित)’. राष्ट्रगीत चालू असताना मी चकतीकडे बघत सावधान उभा होतो.

नंतर चहा पिताना जोतीरामांची आई, राजाबाई, जवळ आल्या. त्या संक्रांतीनंतर गावाहून मुलाकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी एक पान चुरगाळलं, वास घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “तमाखू लावलीया जनू!”

बाजूच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वझ्यांनी कपाळ चोळलं. आता हे खरंच आहे की पेटुनिया तंबाखूच्याच कुळातली, लांबची बहीण. पण झेंडावंदनाला जमलेल्या माणसांपुढे वनस्पतिशास्त्र मांडायला गेलं तर ते सारवासारवीसारखं ऐकू येतं. मी मांडलं. ते तसंच ऐकू आलं.

फेब्रुवारीत एका कुंडीत कळी धरली. लांब, पिळलेली, मिटलेल्या छत्रीसारखी. टोकाला कसलीशी काळपट झाक. आता मात्र अख्ख्या बिल्डिंगला एकच प्रश्न पडला, रंग कोणता? जोतीराम म्हणाले, काळपट हाय म्हंजी लालच, मिरची बघा. वझे जांभळ्याच्या बाजूने होते, जांभळ्या दिव्यात वाढली म्हणून. त्यावर कोणीतरी, मग आपण ट्यूबलाइटखाली वाढलो ते पांढरे का नाही, असं विचारलं. गीतांजली म्हणाली, “सांगता येत नाही.” ती जे सिद्ध झालेलं नाही ते बोलत नाही. मी रोज ऑफिसला निघण्याआधी आणि आल्याआल्या गच्चीवर जायचो. कळी रोज एका केसाने सैल व्हायची.

आणि व्हायचं तेच झालं. मी स्कूटरवरून बेलापूरला पोचतो न पोचतो तोच खिशात फोन थरथरला. सोसायटीच्या गटावर ‘कमळाकर वझे: फुलले! फोटो सोबत.’ माझा अंगठा वर गेला आणि तिथेच थांबला.

फोटोत बघायचं? सप्टेंबरपासून मी या एका गोष्टीची वाट पाहतोय आणि ती मी तळहाताएवढ्या काचेवर, वझ्यांनी काढलेल्या फोटोत बघणार? मी फोन बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला. तो दिवस मी कसा काढला विचारू नका. मॅनेजर केबिनमधून फोन लावत राहिले आणि शेवटी स्वतः टेबलाशी येऊन उभे राहिले. “पाटणकर, घरी काही गंभीर आहे का?” मी म्हणालो, “एक उमललंय सर.” त्यांनी लवकर सोडलं, त्यांना बहुधा नात झाल्यासारखं वाटलं असावं.

लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. “काय रंग आलाय हो—” एवढं म्हणेपर्यंत मी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मोठ्याने आरती म्हणायला लागलो. ते दुसऱ्याच मजल्यावर उतरले.

गच्चीवर वझे कुंडीशेजारी उभे होते. हात मागे, मान खाली. कुंडीत पानं होती. कळीच्या जागी नुसता हिरवा देठ.

“कुठाय?” मी विचारलं.

“खुडलं गेलं.” त्यांनी बोट खाली, सहाव्या मजल्याकडे केलं. “मोहित्यांच्या मातोश्री दुपारी वर आल्या होत्या. देवाला वाहिलं. पाटणकर, मी उपविधी पाहिले. देवाबद्दल काही नाही.” मग खिशाकडे हात नेत म्हणाले, “फोटो आहे.”

“नको,” मी म्हणालो.

मोहित्यांचं दार उघडंच होतं. जोतीराम चौकटीत उभे, चेहरा पडलेला. “भाऊसाहेब, आईला कुनी सांगितलंच न्हाई. मी झोपल्यालो हुतो. काय बोलू...” आतून राजाबाईंचा आवाज आला, “कोन हाय? आत ये रं बाबा, दर्शन घे.”

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात देव्हारा होता. समईचा उजेड, झेंडूची रास, वर मूठमूठ भंडारा उधळलेला. माझे डोळे त्या पिवळ्यात फूल शोधायला गेले, पण देवासमोर उभं राहिलं की डोळे सवयीने मिटतात, ते मिटले. हात जुळले. जुळलेल्या हातांत राजाबाईंनी काहीतरी गार, मऊ ठेवलं आणि माझी बोटं त्यावर मिटवली.

“लई गोजिरं फूल गावलं आज. एकच हुतं, तवा म्हनलं ह्ये द्येवाचंच. परसाद हाय, मुठीत ऱ्हाऊ दे. आदी घरच्या लक्षुमीच्या हातावर ठेव.”

तक्रार घेऊन गेलेला मी त्यांच्या पाया पडून जिना उतरलो.

गीतांजली शाळेतून येऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती. तिचा फोन समोर, काचेची बाजू खाली करून ठेवलेला.

“दाखवा,” ती म्हणाली.

“तू गटावर पाहिलं असशील.”

“नाही.” तिने मान हलवली. “फोटो आलाय कळल्यावर स्टाफरूममध्ये सगळ्या पाहा पाहा म्हणत होत्या. मी तास नसताना वर्गात जाऊन बसले. तुमच्याआधी कशी बघणार?”

मी तिच्या शेजारी बसलो आणि मूठ उघडली. फूल चुरगळलं होतं, एक बाजू दुमडलेली. गर्द जांभळं, इतकं गर्द की मधे जवळजवळ काळं, आणि कडेने पांढरी, किंचित झालरीची रेघ. सगळ्यावर भंडाऱ्याचे पिवळे ठिपके. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. गीतांजलीने चष्मा लावला, काढला, परत लावला. मग करंगळीने दुमडलेली बाजू हलकेच उलगडली.

“हे एवढं सगळं त्या धुळीत होतं?” ती म्हणाली.

तिने वाटीत पाणी घेतलं, फूल त्यात सोडलं. मी चहा टाकला. शाळेत गीतांजलीच्या रजा दरवर्षी वाया जातात. ताप असला तरी ती जाते, मुलांचं बीजगणित राहतं म्हणून. चहाचा अर्धा कप झाल्यावर तिने वाटीवरची नजर न काढता विचारलं, “कठड्याकडच्या कुंडीतली कळी केव्हा उघडेल?”

“उद्या सकाळी. फार तर दुपारी.”

“त्या कुंडीचा रंग वेगळा असेल ना?”

“सांगता येत नाही,” मी म्हणालो.

तिने उरलेला चहा संपवला. मग फोन सरळ केला आणि मुख्याध्यापिकेचा नंबर शोधू लागली. “अंग दुखतंय म्हणू की डोकं?” तिने विचारलं.